नाशिकमध्ये पीएचडी करायची आहे? विषय ठरवण्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत

पदव्युत्तर शिक्षण संपलं की नाशिकमधली बरीच मुलं-मुली पीएचडीची चौकशी करू लागतात, आणि पहिला प्रश्न हमखास असतो, "लवकर होईल असा विषय सांगा ना." मी या सगळ्या प्रक्रियेतून गेले आहे, माझं काम द्राक्षबागेतल्या मजुरांवर होतं, आणि आता नव्या विद्यार्थ्यांचे आराखडे वाचून द्यायचं कामही अधूनमधून करते. लवकर होणारा विषय असा वेगळा नसतो, हे मी ठामपणे सांगू शकते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, अभियांत्रिकी आणि आरोग्य या चार वाटांवर पुरावा म्हणून काय चालतं, हेच मुळात वेगळं आहे. आपला प्रश्न यातल्या कोणत्या वाटेवरचा, हे एकदा कळलं की गाईड कोण, परवानगी कोणाची, फील्डवर कोणत्या महिन्यात जायचं आणि पैसे कुठे खर्च होणार, हे बरंचसं त्यातूनच ठरतं. हे न कळता अर्ज भरला, तर सुरुवातीचा मोठा काळ विषय बदलण्यात जातो.

१. आधी प्रश्न ओळखा

एकच द्राक्षबाग घ्या आणि चौघांना तिथे उभं करा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारेल की एकरी खर्च किती, भाव कोण ठरवतं, निर्यातीच्या आणि लोकल मालात शेतकऱ्याच्या हाती फरक किती पडतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाचे (वेलीची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या रसायनाचे) अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. त्या धक्क्यानंतर बागायतदारांनी काय बदललं, हाही त्याचाच प्रश्न. पण त्याला सगळ्यात आधी 'खर्च' म्हणजे काय ते ठरवावं लागतं. कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात 'ए-टू' म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष झालेला खर्च, 'ए-टू अधिक एफएल' म्हणजे त्यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली, आणि 'सी-टू' म्हणजे त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरलेलं. तीच बाग एका हिशेबाने नफ्यात आणि दुसऱ्याने तोट्यात दिसू शकते. कोणता हिशेब धरलाय ते आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहा.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी त्याच बागेत पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या टोळीकडे बघेल. उक्ती (कामाचा ठोक भाव) कोणी ठरवली, उचल (आगाऊ रक्कम) कोणाच्या हातात पडली, जोडीची मजुरी एकत्र दिली की बाईला वेगळी, मुलं सोबत आली तर त्यांच्या शाळेचं काय झालं. इथे आकडे लागतातच, पण खरा पुरावा असतो तो लांबलेल्या गप्पांचा, पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलेल्या व्यवहारांचा.

अभियांत्रिकीवाला ट्रॅक्टरच्या ब्लोअरमागे उभा राहील. औषधाचे थेंब पानाच्या खालच्या बाजूला पोचतात का, घडाच्या आत जातात का? यासाठी एक पिवळा कागद मिळतो, त्यावर पाण्याचा थेंब पडला की निळा डाग उमटतो. हे कागद वेलीच्या आतबाहेर, पानांच्या दोन्ही बाजूंना चिमट्याने लावायचे, फवारणी करायची आणि डाग मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण ऑक्टोबरमधल्या सकाळी पानावर दव असतं. दव सुकायच्या आत कागद लावले किंवा घामेजल्या बोटांनी धरले, तर फवारणीआधीच ते निळे होतात आणि दिवसभराचं मोजमाप वाया जातं. अशा बारीकसारीक गोष्टींवरच अभियांत्रिकीचं संशोधन उभं राहतं.

आरोग्याची विद्यार्थिनी फवारणी करणाऱ्या माणसाच्या रक्ताची तपासणी करेल. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांमुळे कोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) पातळी घटते. मात्र मुळात ही पातळी माणसागणिक वेगळी असते, म्हणून हंगामातला एकटा नमुना फारसं काही सांगत नाही. त्याच माणसाचा हंगामाआधीचा नमुना हवा. म्हणजे गोडी छाटणी (ऑक्टोबरमधली, फळासाठीची) सुरू व्हायच्या आधी नैतिक समितीची मंजुरी, प्रयोगशाळेची व्यवस्था आणि लोकांची संमती हे सगळं तयार पाहिजे.

आता तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली दुसरं वाक्य लिहा की काय दिसलं तर माझा अंदाज चुकला असं मी मान्य करेन. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर विषय अजून तयार नाही. 'नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष उत्पादकांचा चिकित्सक अभ्यास' हे नुसतं शीर्षक झालं, त्यात प्रश्न कुठेच नाही.

२. नोंदणी कुठे, गाईड कोण

कला, वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकीसाठी नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. शहरातल्या काही महाविद्यालयांत विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत, पण मान्यता विषयवार असते. महाविद्यालय मोठं आहे म्हणून तुमच्या विषयाचं केंद्र तिथे असेलच असं नाही. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत, नर्सिंग, फिजिओथेरपी यांच्यासाठी १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याचं मुख्यालयच नाशिकला, म्हसरूळला आहे, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांची राज्यातल्या इतरांपेक्षा पुष्कळ धावपळ वाचते. शहरात खासगी विद्यापीठही आहे. तिथे अर्ज करण्याआधी त्या विषयातले गाईड आणि आधी पूर्ण झालेले प्रबंध स्वतः पाहून घ्या.

दूरशिक्षणाने किंवा पूर्ण ऑनलाइन पीएचडी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या नियमांत बसत नाही. फोन करून 'घरबसल्या पीएचडी' देऊ करणाऱ्यांना तिथल्या तिथे नाही म्हणा. नोकरी सांभाळून करायची असेल तर अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.

गाईड निवडताना तीन गोष्टी विचारायला लाजू नका. पहिली, तुमच्याकडे जागा रिकामी आहे का? नियमाने प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. दुसरी, निवृत्ती कधी? सेवेची तीन वर्षंही उरली नसतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि जेमतेम तीन उरली असतील तर शेवटच्या टप्प्यात तुमची ओढाताण होऊ शकते. तिसरी, सर किंवा मॅडम स्वतः फील्डवर किंवा लॅबमध्ये शेवटचं काम कशावर करत होते? या प्रश्नाच्या उत्तरावरून बरंच काही कळतं. त्यांच्याकडे सध्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी, गाईड समोर नसताना, चहा घेत बोला.

३. पात्रता आणि कागद

२०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. आरक्षित प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत आहे. प्रवेश नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर किंवा पेट या विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर होतो. नियमात लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. नेटचा गुण पीएचडी प्रवेशापुरता एक वर्ष ग्राह्य असतो, तेव्हा निकाल लागल्यावर "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका.

एका फाइलमध्ये मूळ प्रती, दुसरीत साक्षांकित झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा:

- दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतच्या सर्व गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं
- नेट किंवा पेटचं स्कोअरकार्ड
- दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
- जात प्रमाणपत्र, जातवैधता, आणि लागू असेल तर चालू तारखेचं नॉन-क्रीमीलेअर
- डोमिसाइल, आधार, फोटो
- नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र
- नावात बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला

शेवटचा मुद्दा मुलींसाठी फार महत्त्वाचा आहे. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, असं असेल तर ते अर्जाआधीच एकसारखं करून घ्या. नोंदणी झाल्यावर नावाचा बदल करताना प्रत्येक टेबलावर तोच खुलासा पुन्हा द्यावा लागतो.

कालावधी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. महिलांना आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, आणि बाळंतपणासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. हे हक्काचं आहे, मागून घ्या.

४. पैशांची सोय

जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. नाही मिळाली तर राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, अनुसूचित जमातींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती. त्यांच्या जाहिरातींना ठरलेला महिना नसतो, तेव्हा संकेतस्थळं स्वतः पाहत राहा आणि जाहिरातीतली नोंदणीची अट तुमच्या पत्रावरच्या तारखेशी जुळवून बघा. एमबीबीएस करणाऱ्यांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती ही संशोधनाची पहिली पायरी म्हणून फार चांगली आहे.

५. वाचन: शोधगंगा आणि शहरातली कपाटं

आपल्या विषयावर आधी काय झालंय ते शोधगंगावर पाहा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे मोफत वाचायला मिळतात. निष्कर्षापेक्षा त्यांचं 'संशोधन पद्धती' प्रकरण आणि परिशिष्टातली प्रश्नावली नीट वाचा. सरकारी संस्थेत नोंदणी असेल तर २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून हजारो नियतकालिकं उघडतात.

मात्र नाशिकवर काम करणाऱ्याने शहरातली कपाटं सोडून फक्त स्क्रीनवर अवलंबून राहू नये. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याला हवंच. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह किंवा १९३५ ची डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा यांवर काम करायचं तर जुनी मराठी पुस्तकं आणि वृत्तपत्रं चाळण्याला पर्याय नाही. १८८३ चं नाशिक गॅझेटियर आजही उपयोगी आहे, पण ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. जिल्ह्याच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' पाहा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालय मोफत उतरवू देतं. आरोग्यवाल्यांना २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नाशिकचं स्वतंत्र पत्रक मिळेल.

अभियंत्यांनी दिंडोरी रोडवरच्या मेरीचा, म्हणजे जलसंपदा विभागाच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचा विचार करावा. धरणं, माती, काँक्रीट यांवर तिथे दशकानुदशकं काम चाललेलं आहे. शेतीकडे कल असेल तर निफाडजवळचं कुंदेवाडीचं संशोधन केंद्र बघा. 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' हे गव्हाचे वाण तिथलेच. गोदावरीच्या पुरावर काम करणाऱ्यांना एक सुचवते. नाशिककर पूर मोजतात तो गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून, कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत. गंगापूर धरणाचा विसर्ग मात्र क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं त्यात असतो. तारीख असलेली जुनी छायाचित्रं आणि विसर्गाच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर लोकांचं हे मोजमाप शास्त्राला जोडता येतं. हा विषय कोणीतरी मनापासून घ्यावा असं मला फार वाटतं.

६. परवानग्या: काम सुरू व्हायच्या आधी

माणसाच्या रक्ताचा थेंब घ्यायचा असो, केसपेपर पाहायचे असोत की औषध देऊन बघायचं असो, संस्थेच्या नैतिक समितीची लेखी मंजुरी आधी लागते. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नका. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी करायची. माहितीपत्रक आणि संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत हवं. 'सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून' असल्या भाषेत लिहिलेल्या कागदावर सही मिळेल, पण संमती मिळणार नाही. "तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही" असं सरळ लिहा. ७ ते १८ वयाच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा.

समाजशास्त्रवाल्यांना वाटतं, आपण फक्त बोलणार, आपल्याला कसली मंजुरी? तुमच्या संस्थेत समिती असेल तर तिच्यापुढे जरूर जा. आश्रमशाळेत काम करायचं तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. मुख्याध्यापकांनी तोंडी हो म्हटलेलं पुढच्या भेटीत टिकेलच असं नाही. गावात शिरताना सरपंच आणि आशाताईंना भेटून कामाचं स्वरूप सांगा. कारखान्यात मोजमाप करणाऱ्या अभियंत्याने माहिती कोणत्या स्वरूपात छापता येईल हे सुरुवातीलाच कागदावर घ्यावं. प्रबंध तयार झाल्यावर कंपनी आकडे वगळायला सांगते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

७. फील्डचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे आखा

द्राक्षाचे मजूर ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत गिरणारे, दिंडोरी, निफाड पट्ट्यात भेटतात. पावसाळ्यात ते आपल्या गावी भात, नागली, वरईच्या कामात असतात. बागेत फक्त कामाचं बोलणं होतं. कर्ज, जमीन, मुलांचं लग्न हे सगळं गावी गेल्यावर उलगडतं. म्हणून दोन्हीकडे जा. मालकाच्या ओट्यावर बसून मजुराची मुलाखत घेऊ नका, तिथे मजुरी नेहमीच पुरेशी असते. कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवली तर ती नुसती मान हलवेल. गावातलीच शिकलेली मुलगी सोबत घ्या आणि तिला तिच्या कामाचे पैसे द्या.

भावांचा अभ्यास करणाऱ्यांना एक सूचना. बाजार समितीतले भाव ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर सहज मिळतात आणि कांद्यासाठी ते उपयोगाचे आहेत. द्राक्षाचा बराच सौदा मात्र व्यापारी बागेतच करतो, तो त्या आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी शेतकऱ्याची वही आणि सौदापावतीच पाहावी लागते. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागांत फवारणीची नोंदवही असते, तीही विनंती करून बघा. कांद्याच्या भावाची मालिका घेत असाल तर धोरणाच्या तारखा समोर ठेवा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली पण ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. या तारखा न धरता काढलेली सरासरी दिशाभूल करते.

नदीच्या पाण्याचे नमुने घेणाऱ्यांनी विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच स्थिर करावा आणि बाकी नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावेत. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनची) तपासणी आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवसांची असते, परदेशी लेखांत २० अंशांवर ५ दिवसांची. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात बसवू नका. २०२७ च्या सिंहस्थावर काम करायचं असेल तर, विषय गर्दी असो, पाणी असो की साथीचे आजार, पर्वणीच्या आधीचं मोजमाप हातात असल्याशिवाय तुलनाच करता येत नाही.

८. अवजारं

फार महाग काही लागत नाही. संदर्भ ठेवायला झोटेरो, प्रश्नावली भरायला कोबोटूलबॉक्स (नेटवर्क नसलेल्या पाड्यावरही चालतं), नकाशांना क्यूजीआयएस, संख्याशास्त्राला आर. चारही मोफत आहेत. मराठीत प्रबंध लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधलं टायपिंग दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा चुराडा होतो आणि साम्य-तपासणीतही अडचण येते. टायपिंग बाहेर देत असाल तर हे आधी ठरवून घ्या.

९. सापळे

तयार प्रबंध, तयार सिनॉप्सिस, 'हमखास छापून देणारं' नियतकालिक, या तिन्ही गोष्टी विकणारी माणसं तुम्हाला भेटतील. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, पण ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या केंद्रीय नियमांत नाही, तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम वाचा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे "आमचं केअरमध्ये आहे" या दाव्याला आता अर्थ नाही. नियतकालिकाचे मागचे अंक उघडून त्यातले दोन लेख स्वतः वाचा आणि मगच ठरवा.

घरी बसून प्रश्नावल्या भरणं हा सगळ्यात वाईट सापळा आहे. शे-दोनशे फॉर्म एका बैठकीत भरले की उत्तरांत एक गुळगुळीतपणा येतो, आणि जाणता परीक्षक तो ओळखतो. नमुना लहान असला तरी चालेल, खरा हवा.

१०. शेवटचा टप्पा

कोर्सवर्क, म्हणजे नोंदणीनंतरचा अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात ५५ टक्के लागतात. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडायची असते. तिथे झालेल्या सूचना त्याच दिवशी लिहून काढा आणि पुढच्या वेळी त्यांचं काय केलं ते आधी सांगा. प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते. तिला कोणीही येऊ शकतं, तेव्हा त्याआधी इतरांच्या दोन-तीन परीक्षा मागच्या बाकावर बसून ऐका. "हाच नमुना का?" आणि "तुमचा निष्कर्ष कुठे लागू होत नाही?" हे दोन प्रश्न चारही शाखांत येतात.

परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून अंतिम प्रत जमा केली की चार पानांचा मराठी सारांश काढा आणि ज्यांनी माहिती दिली त्या बागायतदारांना, मुकादमांना, ग्रामपंचायतीला, दवाखान्याला नेऊन द्या. द्राक्षपट्ट्यात हे काम सप्टेंबर संपायच्या आत करा, छाटणी सुरू झाली की कोणाला वाचायला उसंत नसते.